रीत लिहा

एकतीस वर्षं चोडणच्या शाळेत गणित शिकवलं.
फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात कायमची ओळ:
रीत लिहा. नुसत्या उत्तराला भोपळा.

आता निवृत्त झाल्यावर तीच ओळ
यंत्राला टाइप करून देते.

गणित इनासचं. यंदा मानशीचा लिलाव त्याने घेतला.
आज रविवार, भरती सकाळी दहा वीसला,
रोज पन्नास मिनिटं पुढे सरकते,
तर शुक्रवारी दिवसा जाळं कधी लावायचं?
(इनासला उत्तर ठाऊक होतं.
त्याला माझ्या फोनची परीक्षा घ्यायची होती.)

यंत्र म्हणालं: दुपारी एक.
प्रश्न संपायच्या आत हात वर करणारा
पहिल्या बाकावरचा मुलगा असतो ना, तसं.

मी लिहिलं: घाई नको. एकेक पायरी मांड,
उत्तर सगळ्यात शेवटी.

मग ओळीखाली ओळ उतरू लागली.
पाच दिवस. पाच गुणिले पन्नास, अडीचशे मिनिटं.
म्हणजे चार तास दहा मिनिटं.
दहा वीस अधिक चार दहा, दुपारचे अडीच.
भरतीला मासे येतात,
म्हणून जाळं अडीचला लावावं.

इनास चष्मा कपाळावर चढवून हसला.
"बाये, जाळें सुकतेक घालतात, भरतेक न्हय."
पाणी बाहेर पडायला लागलं की शेवटे, काळुंदरं
आपल्या पायाने दारात येतात.

चूक सापडली, शेवटून दुसऱ्या ओळीत.
सवयीने मी तिच्याभोवती गोल करायला गेले,
बोट काचेवर फिरलं
आणि अख्खं पान वर सरकून गेलं.

पण सापडली. नुसत्या "दुपारी एक"मध्ये
कुठे बोट ठेवलं असतं?

रात्री मात्र पुरसो आठवला, सातवी ब.
पुस्तकाच्या मागच्या पानावरून उत्तर उचलायचा
आणि खालून वर रीत चढवत न्यायचा,
इतकी सुबक, की मी दोनदा पूर्ण गुण दिले.
या यंत्राची रीतही तशीच नसेल कशावरून?
आधी ठरलेलं, मग सजवलेलं?

पुरसो आता रायबंदरची फेरीबोट चालवतो.
ओढ असो, वारा असो, लोखंडी फळी
धक्क्याला अशी टेकवतो की कुणाचा दुधाचा डबाही हिंदकळत नाही.
विचारलं, कसं रे जमतं?
डोकं खाजवून म्हणाला, आधी इंजिन कमी करतो, मग...
मग त्याने काहीतरी जुळवून सांगितलं.
मला कळलं की जुळवतोय.
मी मान डोलावली.

यंत्राला पुन्हा लिहिलं: चौथी पायरी तपास.
त्याने माफी मागितली, ओहोटी धरली,
आणि साडेचार सांगितलं, पायऱ्यांसकट.

शुक्रवारी सव्वाचारला बांधावर पोचले.
खारफुटीत बगळे, खाली चिखलात खेकडे,
मानशीचं दार अजून गच्च मिटलेलं.
साडेचार झाले. पावणेपाच.
पश्चिमेचा वारा पाण्याला आत दाबून धरत होता
आणि वारा तर आम्ही कुणी मांडलाच नव्हता,
ना मी, ना यंत्राने.

इनास जाळं मांडीवर घेऊन बसून होता.
मी फोन काढला, परत ठेवला.
दाराच्या फटीशी एक पान
आत जावं की बाहेर, अशा बेतात
जागच्या जागी फिरत होतं.