यादीतली एकोणतिसावी नोंद

पावणेसहा. मगरपट्ट्याचा पूल.
तेरा माणसं, चार दुर्बिणी माझ्या, दोन त्यांच्या,
पोह्यांचा डबा झेंडेमामांच्या सीटमागे.
"फ्लेमिंगो दिसतील ना मॅडम?"
नाही दिसणार. ते भिगवणला.
हे कवडीपाट. नऊशे रुपये, नाश्त्यासकट.

उतरल्या उतरल्या लोक नाक धरतात.
पहिल्यांदा मीही धरलं होतं.
अख्ख्या पुण्याने जे जे मोरीत ओतलं
ते इथे बंधाऱ्यावरून पांढरंशुभ्र होऊन उडी मारतं.
फेसाचे गोळे वाऱ्यावर सुटतात,
आणि दर खेपेला कुणीतरी बोट दाखवून विचारतंच,
तो कुठला पक्षी?

मग धुकं वीतभर वर सरकतं
आणि खाली केशरी काहीतरी पोहत असतं.
"चक्रवाक," मी आवाज खाली ठेवून म्हणते.
लडाखकडून, बर्फाचे डोंगर ओलांडून,
थेट या वासात.
गंधेकाकूंना विरहाची गोष्ट पाठ असते:
दोन काठ, दोघं, रात्रभर हाका.
मी मान डोलावते.
मोजणीसाठी एकदा रात्री थांबले होते इथे, टॉर्च घेऊन.
जोड्या एकाच काठावर होत्या,
शेजारी शेजारी, चिखलात चोची घालून,
जेवत.
हे मी सांगत नाही.
नऊशे रुपयांत तेवढा विरह बसतो.

अबोली नऊ वर्षांची.
दोनरेघी वही, पेन्सिल दोऱ्याने गळ्यात अडकवलेली.
"धोबी शेपटी का हलवत राहतो?"
नक्की कुणालाच माहीत नाही, म्हटलं.
तिने लिहिलं: कुणालाच माहीत नाही.
शेकाट्या, शराटी, चित्रबलाक,
नदी सुरय, एक कंठेरी चिखल्या.
अठ्ठावीस.

फाटक्या गादीपलीकडून काहीतरी उडालं,
मुठीएवढं, ओरडत, वाकडंतिकडं.
तेरा चेहरे माझ्याकडे वळले.
त्या दोन सेकंदांत
मला एवढंच दिसलं होतं की ते उडालं.
"ठिपकेवाली तुतवार," मी म्हणाले.
"तुतवारमधला तु ऱ्हस्व ना?"
"ऱ्हस्व."
तेवढ्याची मात्र खात्री होती.

रात्री ससाणेनगरला, भाकरी तव्यावर असताना,
बापटांनी फोटो पाठवला.
मोठा करून पाहिला.
पंखाखाली काजळासारखं काळं,
शेपटीच्या मुळाशी चुन्याचा पट्टा.
हिरवी तुतवार. शाळकरी पोरालाही कळावं इतकी हिरवी तुतवार,
जिच्यात हिरवं काहीच नसतं.
भाकरी एका बाजूने करपली.

ग्रुपवरची यादी दुरुस्त केली.
कुणी विचारलं नाही.
अबोलीच्या आईला फोन केला, तर म्हणाली,
"अहो, एवढं काय त्यात, छोटीशीच तर चिमणी!"
मागे कुकरची शिट्टी झाली.
वहीत काय झालं, माहीत नाही.
अठ्ठावीस खरे, आणि खाली
दोन रेघांमध्ये नीट बसवलेली, गोल अक्षरातली
माझी थाप.

झेंडेमामांचं बरं आहे.
त्यांना पाण्यावरचं सगळं पाणकोंबडी.
"नसलं येत तर नाही येत म्हणायचं, मॅडम.
पेट्रोल काय परत मागणारेत?"

या जानेवारीत गादी तिथेच आहे, जरा जास्त फाटलेली.
तिच्या कडेला तसलंच काहीतरी
सतत मागचं अंग खालीवर करत उभं.
नवे तेरा. नवी टोपी, नवा ट्रायपॉड.
"मॅडम, कोण ते?"
दोघींपैकी एक, मी म्हणते.
उडेल तेव्हा पंखाखाली बघू.
"आणि नाही उडाली तर?"
तर नाही.
कुणीतरी घड्याळ बघतं.
एकजण खडा उचलतो, मी त्याचा हात धरते.
मागे गाडीत पोहे गार होतायत,
आणि ती
चिखलातलं काहीतरी निवांत वेचतेय.