तिसरं गेट

गोकुळ शिरगावात, बंद पडलेल्या फौंड्रीच्या शेडमध्ये
आता जाळी बांधलीय, द्राक्षबागेवर टाकतात तसली.
कोपऱ्यांत अजून काळी वाळू आहे,
झाडून झाडून संपत नाही.
पीव्हीसी पाइपची सात गेटं, वर चुन्यानं आकडे.
तासाला अडीचशे. पाती मोडली तर वेगळे.

मी एकावन्नचा.
एकतीस वर्षं लग्नं काढली,
कॅमेरा उजव्या खांद्यावर, म्हणून तो खांदा
डाव्यापेक्षा दोन बोटं खाली.
गेल्या सीझनला कागलची पार्टी म्हणाली,
"हार घालताना ड्रोन दोघांच्या मधनं गेला पाहिजे."
मी हो म्हणालो. ॲडव्हान्स घेतला.
मग इथं आलो.

अल्फिया मुजावर, वय वीस,
सोल्डरिंगनं दोन बोटं भाजलेली.
पहिल्याच दिवशी म्हणाली,
"काका, हा आपणहून सरळ होत नाही.
तुम्ही कलता सोडला, की कलताच जातो."
घरी सांगितलं.
बायको म्हणाली, "मग तुमच्यातलाच की."

गॉगल चढवला की शेड जाते,
खुर्ची जाते, गुडघे जातात.
उरतात दोन अंगठे
आणि पोटात ते,
गगनबावड्याच्या वळणावर एसटीत होतं ते.
पहिलं गेट.
दुसरं.
तिसऱ्याला मी श्वास धरतो,
आणि श्वास धरला की अंगठाही धरतो.

खट्ट.

पत्रा, वाळू, पत्रा, वाळू,
मग नुसत्या मुंग्या.
गॉगल कपाळावर सारून
वाकून पाती हुडकायची.

कुठली आई कुठल्या मंगलाष्टकाला रडणार
हे मला आधी कळायचं,
कॅमेरा तिच्यावर नेऊन ठेवलेला असायचा.
पाइप कधी येणार, कळत नाही.
"पाइपकडे बघू नका," अल्फिया म्हणते,
"भोकाकडे बघा.
जिथं बघाल तिथंच जाणार."

पाचव्या बॅटरीला वळण मोठं गेलं,
आणि समोर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, एक माणूस.
तोंड उघडं.
मान उजवीकडं कललेली, वळण संपलं तरी.
टकलावर पत्र्याच्या भोकातलं ऊन,
रुपयाएवढं.

कोण हा, असं खरंच वाटलं.
हजारावर लग्नं काढली, एका फ्रेममध्ये मी नाही.
एकदा आरशाच्या कपाटात कोपर आलं होतं,
एडिटिंगला तेही कापलं.

थांबवला मी त्याला, हवेत.
जमलं. कसं, विचारू नका.
त्या माणसाचे राहिलेले केस
वाऱ्यानं हलताना दिसले,
आणि इकडं वारा लागला
माझ्या कपाळाला.

"काका, लांब घ्या! व्होल्टेज बघा!"

तो माझ्या पायाशी वाळूत बसला,
मोटारी ऊन, चपाती उतरल्यासारख्या.
"रेकॉर्ड झालंय सगळं," अल्फिया म्हणाली,
"पुसू?"
मी म्हटलं, राहू दे.
तिनं काही विचारलं नाही,
नुसती वहीत दोन पाती मांडली, साठ रुपये.

कागलच्या लग्नाला बावीस दिवस.
तिसरं गेट उभंच आहे,
वर चुन्याचा तीन,
खाली डाव्या पायाला माझे ओरखडे,
सगळे एकाच उंचीवर.