शेऱ्याचा रकाना

बार असोसिएशनच्या ग्रंथालयाला सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं,
आणि निवडायचं मी,
सांगलीत लागून जेमतेम आठ महिने झालेली ग्रंथपाल,
जिला अजून कुळकायद्याचं कपाट सापडत नाही.

पहिला पुण्याहून आला, टाय लावून.
बारकोड, क्लाउड, मोबाइलवर सूचना.
भडंगाची बशी संपवत म्हणाला,
'मॅडम, उशीर झाला की दंड आपोआप लागतो.'
वकिलांना दंड!
सचिव आरवाडे इतके हसले
की चहा पांढऱ्या बँडवर सांडला.

दुसऱ्याची दरवर्षी फी.
फी म्हटल्यावर सगळे गप्प,
एरवी तो शब्द त्यांचाच असतो.

दस्तगीरमामा कोपऱ्यात स्टुलावर.
शिपाई, एकतीस वर्षं.
त्यांना खंड क्रमांक विचारायचा नाही.
'दोघा भावांच्या विहिरीचा निकाल' म्हणायचं,
ते फळीवरून पाठ सुटलेलं पुस्तक काढून देतात.
'आणि सासऱ्यानं पोटगी दिली तो?'
'तो एक्क्याण्णव सालापासून बाहेर आहे.
नेणारे आता जज्ज झालेत,
मागायचा कुणी?'

पुराच्या साली त्यांनी खंड गच्चीवर वाळवले,
पानापानांत पावडर मारून.
अजून उघडलं की वास येतो,
आणि प्रत्येक पानावर एकाच उंचीला
तपकिरी रेघ.

मी सगळ्यांना एकच विचारलं:
शेऱ्याच्या रकान्यात किती अक्षरं मावतात?
पहिला म्हणाला, पन्नास.
दुसरा म्हणाला, शेरा कशाला लागतो?
तिसरं फुकटातलं, त्याच्याबरोबर माणूसच नव्हता.
दिसायला तलाठ्याच्या दप्तरासारखं.
रात्री घरी उघडलं, टाइप करत गेले,
करत गेले,
ते कुठंच अडवेना.

अहवालात लिहिलं: खर्च शून्य, सबब शिफारस.

मेअखेर मामा निवृत्त होतायत.
कोर्ट उठलं की रोज शेजारी बसतात,
ते सांगतात, मी लिहिते:
'खंड अडतीस. पाठ नाही.
पान दोनशे बारावर हळदीचं बोट.
विहीर धाकट्याला मिळाली,
पाणी थोरलाच काढायचा.'
'हे पण लिहिणार?'
'सांगा पुढं.'

आज चारशे सहा झाले. कपाटं चौदा उरलीत.
'हे मशीन पुरात भिजलं तर?'
'कॉपी काढून ठेवते, मामा.'
'वरच्या मजल्यावर ठेवा,' म्हणतात,
आणि पुढचा खंड बाहीनं पुसायला घेतात.