सहाशे बारा

हनुवटी इथे टेका, कपाळ पुढे,
हिरव्या ठिपक्याकडे बघा.
"खंय हिरवो?" कुष्टा गावडे म्हणाला. "सगळं ताकच."
सकाळचे साडेनऊ. म्हापशाच्या इस्पितळात
मी त्याला भेटते ते नेहमी सकाळीच,
रात्रभर मिटून राहिलेले डोळे
पाणी पिऊन जड झालेले असताना.

पडद्यावर पेशी उमटतात.
बुबुळाच्या काचेला मागून सारवलेला एकच थर,
षटकोनी, एकीला एक लागून.
उंचावरून पाहिलेली मिठागरंच ती,
नुसते बांध दिसतात.
प्रत्येकीच्या भिंतीत पंप:
तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत,
तीन बाहेर, दोन आत,
आणि मिठामागून पाणी निघतं
बाजाराला चाललेल्या आईमागे पोर निघावं तसं.
एवढ्यावर काच काच राहते.
पंप कमी पडले की पाणी मुरतं, काच फुगते,
दारातला माणूस नुसता आकार होतो.

"कितली उरली, बाये?"
डाव्या डोळ्यात सहाशे बारा.
उजव्यातली मशीनला मोजता आली नाहीत.
"आणि माझ्या लग्नात?"
तीन हजार तरी असतील.
"नवी धरत नाहीत?"
नाही. एक गेली की शेजारणी पसरतात,
तिची जागा आपल्या अंगाखाली घेतात.
तो बराच वेळ हनुवटी टेकूनच बसला,
तपासणी संपली होती तरी.
मग म्हणाला, आगरवाड्यात चाळीस घरं मीठ काढायची,
आता सहा.
भावाचे कोपे मीच बघतो, बाबल्याचेही,
तो बोटीवर गेला.

मानशीचं त्यानेच मला समजावलं:
भरतीचं पाणी ढकलतं तशी लाकडी दारं आपोआप मिटतात,
सुकतीला आपोआप उघडतात,
कुणाला रात्री उठावं लागत नाही.
डोळ्यातही तसंच ना?
म्हटलं, नाही हो. डोळ्याला सुकती नाही.
पाणी सारखं आत यायला बघतं,
ते बाहेर काढायचं साखर जाळून,
झोपेतसुद्धा, श्वास मोजल्यासारखं.
"मग दमणारच," तो म्हणाला,
जणू बैलाबद्दल बोलावं.

डॉक्टरांनी थेंब लिहून दिले.
औषधाच्या दुकानात त्याने विचारलं, यात काय?
पाच टक्के मिठाचं पाणी, मुलगा म्हणाला.
तो एवढा हसला की रांगेतल्या बायका वळल्या.
साठ वर्षं मीठ ओढलं,
आणि आता बोटभर बाटलीला शंभर रुपये!
पुढच्या खेपेला पिशवी घेऊन आला,
जाडं, करडं, चिखलाचा वास असलेलं मीठ.
"यातलं घाला, फुकट."
घालता येत नाही, सांगितलं. पिशवी ठेवून घेतली.
जुलैत ती माझ्या ओट्यावर घाम गाळत असते.

एप्रिलात चोपड्याला एका बारशाला गेले होते.
शिवोलीचा पूल ओलांडून परत येण्याऐवजी
रिक्षा आगरवाड्याकडे वळवली. का, ते सांगता येत नाही.
दुपारचे तीन. कोप्यांतून ऊन तापून वर येत होतं,
पांढरं बघवत नव्हतं.
तो गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात लाकडी फावडं,
बांधाला नुकत्या ओढलेल्या मिठाची रास.
या वेळेपर्यंत वारा आणि ऊन
त्याच्या डोळ्यांतलं रात्रीचं पाणी पिऊन टाकतात,
पंपांना जे जमत नाही ते.

हाक मारली. आवाज ओळखला त्याने आधी.
मग हात आडवा धरून माझ्याकडे बघत राहिला,
चाचपडत नव्हे; सरळ, उद्धट वाटावं इतकं सरळ.
"तुझ्या डाव्या भिवयीत जखम आहे."
लहानपणची, म्हटलं. विहिरीच्या कठड्यावर पडले होते.
"सकाळी नसते ती," तो म्हणाला,
आणि पाठ फिरवून परत मीठ ओढायला लागला,
ऊन होतं तोवर.