बय्यूमीची आच

पोर्ट सईद. धक्क्यामागचा चहाखाना.
भाच्यानं दुबईहून आणलेलं भांडं
बय्यूमी तळहातावर तोलतो:
झाकण फिरव, आच कमी;
फिरव, जास्त. निखाऱ्याला हात लावायला नको.

"छान आहे," म्हणतो, आणि फॉइल फाडतो.
चिलमीवर ताणतो ढोलकीच्या पुडीसारखी,
टिचकी मारून ऐकतो,
दाभणानं भोकं पाडतो, न मोजता.
तंबाखू करपू लागली की
गिऱ्हाइकाच्या खोकल्यावरून त्याला कळतं
कुठला निखारा कडेला सारायचा.

कालव्यातून दिवे लावून जहाज सरकतं.
खुर्च्या उलट्या करून झाल्यावर
तो एकटाच बसतो.
हल्ली चिमटा थरथरतो; काल
निखारा गालिच्यावर पडला, कुणी पाहिलं नाही.

स्वतःपुरता हुक्का भरताना
ते भांडं घेतो,
झाकण फिरवतो.
काही करायला उरत नाही.
हात मांडीवर ठेवून
धूर ओढतो.