बहिऱ्या उपसागरासाठी अंदाज

रोज पहाटे चारला मी त्या जागेचं हवामान लिहिते
जिथे मी कधी गेले नाही.
बाहिया सोर्दा, म्हणजे बहिरा उपसागर.
अकरा माणसं, दोन जनरेटर,
आणि 'सूर्योदय' या रकान्यात
मे महिन्यापासून मी मारत आलेली आडवी रेघ.

इथे पुन्ता आरेनासलाही वारा काही कमी नाही.
चौकात दोर बांधलेत, माणसांनी धरून चालावं म्हणून.
माझी आई त्या दोराला हात लावत नाही.
म्हणते, सत्तर वर्षांची ओळख आहे, मला नाही पाडणार.
मागच्या वर्षी पाडलं. मनगट मोडलं.
दोष तिने बुटांना दिला.

माझ्यापर्यंत येतात ते आकडे.
दर सहा तासांनी ओविदियो मानसिया पाठवतो:
दाब, तापमान, वारा कुठून, किती.
त्यासाठी तो दोर धरून यंत्रांच्या पेटीपर्यंत जातो,
हातमोजा काढतो, नोंदतो, परततो.
ब्याऐंशी पावलं आहेत, असं एकदा रेडिओवर म्हणाला,
मी विचारलं नसताना.
मग थोडं थांबून:
अंधारात त्र्याऐंशी भरतात.

एवढंच आमचं बोलणं.
बाकी सगळं दशांश चिन्हाच्या अल्याडपल्याड.

जूनच्या एकोणीस तारखेला त्याने कळवलं:
दाब ९७१.४, उणे बत्तीस, वारा नैर्ऋत्येचा, अकरा नॉट.
सहा तासांनी:
९७१.४, उणे बत्तीस, नैर्ऋत्य, अकरा.
पुन्हा सहा तासांनी
तेच.

हवा अशी नसते.
कुणाच्याही दारात ती इतका वेळ मुकाट बसत नाही,
दशांशासकट तर नाहीच.
आणि उपग्रहाच्या चित्रात, पश्चिमेला,
एक पांढरा भोवरा वळत होता,
त्याच्या उंबऱ्यापासून जेमतेम दिवसाच्या अंतरावर.

नियम असा: नोंद संशयास्पद वाटल्यास वरिष्ठांना कळवावे.
वरिष्ठ सान्तियागोत झोपले होते.
मी उठवलं नाही.

कारण सतरा तारखेला माझ्याच टेबलावरून
एक निरोप गेला होता, चिलोए बेटावरून आलेला,
त्याच्या बहिणीचा. दीड ओळ.
रेडिओवर प्रत्येक शब्द दोनदा वाचायचा असतो,
खरखरीत काही हरवू नये म्हणून.
मी वाचलं:
वडील, वडील.
गेले, गेले.
पलीकडून त्याने पोच दिली, तीही नियमाप्रमाणे दोनदा.
पुढचं विमान ऑक्टोबरमध्ये.

तर मी अंदाज लिहिला:
'वीस जून. दाब वेगाने उतरेल.
वारा साठ नॉटपर्यंत. उडता बर्फ, दृश्यता शून्य.'
आणि 'शेरा' या रकान्यात,
जिथे आजवर फक्त 'काही नाही' असं लिहीत आले,
तिथे लिहिलं: 'नोंदी घ्यायला दोघांनी जावे.
एकट्याने जाऊ नये.'
खाली सही केली. एरवी करत नाही.

वादळ आलं, मी म्हटलं त्याच्या चार तास उशिरा.
ते चार तास मी कॉफी ढवळत बसले,
साखर न घालता.
नंतर रेडिओ सबंध दिवस नुसता फसफसत राहिला.

एकवीस तारखेच्या पहाटे आवाज आला:
९४८.२. उणे एकोणीस. पश्चिम. चौसष्ट.
मी लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं.
मग तो म्हणाला, शेरा आहे एक.
सांगा, म्हटलं.
बेनितो आला होता सोबत. त्याची पावलं सत्त्याहत्तरच भरतात.
टांगा लांब आहेत गाढवाच्या.
हे त्याने एकदाच सांगितलं, दोनदा नाही,
पण मला ऐकू आलं.

त्या तीन नोंदी मी खोडल्या नाहीत.
वहीत आहेत अजून, एकाखाली एक,
९७१.४
९७१.४
९७१.४
कुणी तपासायला आलं आणि विचारलंच,
तर सांगेन, हो,
त्या दिवशी तिथे हवामान असंच होतं.