फटीतला कापूस

रात्रीचे दोन. मुहर्रक.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय
आणि हाजी खलफ पलंगाच्या कठड्याखालची फट
मिटन बांधलेल्या हातांनी चाचपतायत.
"मुबारक," मला म्हणतात, "इथून पाणी शिरणार."

मी मुबारक नाही.
मी गडहिंग्लजचा नर्स, दोन वर्षांच्या व्हिसावर,
अरबी अजून अडखळत बोलणारा.
मुबारक यांचा गडी होता, गोदीतला.
हे फळीला फळी भिडवायचे,
तो तेलात भिजवलेला कापूस वळून हातात द्यायचा,
आणि हे छिन्नीनं फटीत बसवायचे.
त्याला जाऊन वीस वर्षं झाली, थोरली सून सांगते.
मुलाचं नाव गेलं. मुबारक राहिला.

डॉक्टर हुदानं एकदा कागदाच्या पाठीवर
झाडासारखी एक पेशी काढून दाखवली.
सगळे हिच्याकडेच बघतात, म्हणाली.
मग तिच्या भोवती ठिपके, चांदण्या, वेटोळी काढत गेली.
या मधल्या पेशी. पूर्वी म्हणायचे, नुसता डिंक आहे,
मेंदू सांडू नये म्हणून.
पण याच भरवतात तिला,
तिच्या तारांवर चरबीची पट्टी गुंडाळतात,
आणि माणूस झोपला की पाटाचं दार उघडावं तसं
पाणी सोडून दिवसाचा गाळ धुतात.

हाजी झोपत नाहीत.

मग बिघडतं कुठे, मी विचारलं.
ती बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिली.
यांच्यातल्याच काही राखणदार असतात.
गाळ हटत नाही, त्या बिथरतात,
खायला लागतात आणि थांबायचं विसरतात.
शेवटी जोड खातात,
एक पेशी दुसरीला हाक मारते ना, तिथला जोड.

कुंपणानंच शेत खाल्लं, मी म्हटलं,
आणि ते अरबीत सांगताना घामाघूम झालो.
ती हसली. आमच्याकडे पण आहे तसलं:
हामीहा हरामीहा. राखणाराच चोर.
मग एकदम गप्प झाली.
त्यांना काढूनही टाकता येत नाही, म्हणाली.
त्यांच्याशिवाय ते झाड तगत नाही.

गेल्या मंगळवारी हाजींनी नाकातली नळी उपसली,
म्हणून हे मिटन. मीच बांधले.
चार्टवर लिहिलंय: रुग्णाच्या सुरक्षेसाठी.
मनगटावर लाल वळ आहे, तो मी लिहिलेला नाही.

आज सोडले.
नळीवर डोळा ठेवून शेजारी बसलो
आणि ड्रेसिंगच्या ट्रेमधला कापूस पुढे केला.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
चिमटीभर तोडला, तळहातांत वळला,
एकसारखी, पेन्सिलीएवढी वात,
आणि गादी-कठड्याच्या फटीत
अंगठ्यानं बसवत गेले, वीतभर, मग आणखी वीतभर.

मीही हात लावला. जरा जोरात दाबलं.
"अरे, किती ठासशील!" मनगट धरलं माझं,
या महिन्यातलं पहिलं पुरतं वाक्य,
"जास्त ठासलं की फळी सरकते. पाणी थांबेल एवढंच."

मग भिंतीकडे तोंड करून, खरंच, घोरायला लागले.

तीन वाजून दहा मिनिटं.
रुग्ण झोपला आहे. हात मोकळे. नळी जागेवर.
कापूस वापरला: एक गुंडाळी.
कारणाच्या रकान्यात पेन थोडं थांबलं.
मनगटावर वळ, असं लिहून
खाली सही केली.